हातानं चालणारे डायनासोर

पिंपळे गुरवमध्ये घरचा पत्ता सांगताना आम्ही डायनासोरच्या अलीकडे किंवा डायनासोरच्या पलीकडे एवढंच सांगतो. रिक्षावाला पुढचं विचारत नाही. बागेचं कागदोपत्री नाव राजमाता जिजाऊ उद्यान. पण कासारवाडीपासून नवी सांगवीपर्यंत त्या नावानं कुणी बाग विचारलेली मी तरी ऐकलेली नाही. रविवारी संध्याकाळी बाहेर गाडी लावायला जागा नसते, आत पोरांचा कालवा असतो, आणि त्या कालव्याच्या डोक्यावरून कुठंतरी लांब बघत ती धुडं उभी असतात.

या धुडांचे आईबाप कोण, हा प्रश्न मला फार वर्षं छळतो. हाडं तर नव्हेत. बागेत पुतळे उभे करणारा कारागीर जीवाश्म तपासायला बसत नाही, तो चित्र समोर ठेवतो. चित्र आलेलं असतं पोस्टरवरून, खेळण्यावरून, नाहीतर पोराच्या दप्तरावरून. आणि १९९३ नंतर जगात जिथं जिथं डायनासोर उभा राहिला, तिथं त्या चित्राचा माग काढत गेलं की माझ्या मते बहुतेक वेळा आपण एकाच ठिकाणी पोचतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओत, मार्क मॅक्रीरी नावाच्या एका तरुण चित्रकाराच्या टेबलापाशी. 'जुरासिक पार्क'मधले डायनासोर पहिल्यांदा तिथं उभे राहिले, पेन्सिलीनं, साध्या कागदावर.

हा लेख त्या कागदासाठी आहे. आणि त्याहून जास्त, त्याच सिनेमासाठी तयार झालेल्या एका भावंडासाठी आहे, ज्याची पडद्यावर यायची सगळी तयारी झाली होती आणि ज्याला ऐन मांडवातून परत पाठवलं. हातानं हलवायचे छोटे डायनासोर आणि त्यांना चालवणारी ती साठ-सत्तर वर्षांची जुनी विद्या. ती गेली तेव्हा तिच्यावर चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात आल्या नाहीत.

माझा यात संबंध काय, तर माझं सगळं आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये गेलं. लोखंड ओतायच्या आधी त्याच आकाराचं लाकूड घडवावं लागतं. ते वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात रस ओततात. ते लाकूड घडवणारा तो पॅटर्नमेकर. वस्तू गिऱ्हाइकाकडे जाते तेव्हा तिच्यात आमचं लाकूड औषधालाही शिल्लक नसतं. त्यामुळे आधी होऊन गेलेल्या आणि नंतर न दिसणाऱ्या कामांबद्दल मला जरा जास्तच कळवळा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सिनेमा अमेरिकेत ११ जून १९९३ला लागला. आपल्याकडे तो पुढच्या वर्षी आला तो हिंदी बोलत. हा फरक लहान नव्हता. इंग्रजी पिक्चरच्या वाटेला कधी न गेलेले आमचे लेथवाले, फौंड्रीवाले, त्यांच्या बायका, गावाकडून आलेले म्हातारे, सगळे गेले. मध्यंतरात चहा घेताना चर्चा एकच, हे केलं कसं? कुणी म्हणालं आत माणूस बसवलाय, कुणी म्हणालं सगळं कॉम्प्युटरवर केलंय. गंमत अशी की दोघंही बरोबर होते, आणि दोघांच्या मधे जे होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मायकल क्रायटन यांची कादंबरी १९९०ची. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ती हातात घेतली तेव्हा कामाची वाटणी अशी ठरली : जे प्राणी नटांच्या शेजारी उभे राहायचे ते विन्स्टन यांनी खऱ्या मापाचे बनवायचे. जे दुरून चालताना, धावताना दिसायचे ते फिल टिपेट यांनी छोट्या बाहुल्यांवर करायचे. डेनिस म्यूरेन आणि त्यांच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीनं ही सगळी चित्रं एकमेकांत बेमालूम बसवायची. सेटवरच्या करामती मायकल लँटिएरी यांच्याकडे. कॉम्प्युटरला या वाटणीत मुख्य काम नव्हतंच.

विन्स्टन यांनी सुरुवात केली ती चित्रांपासून. मॅक्रीरी यांना त्यांच्या धंद्यात सगळे 'क्रॅश' म्हणतात. त्यांची टी-रेक्सची चित्रं पुस्तकांत छापून आली आहेत, मिळाली तर जरूर बघा. रंग नाही, झगमग नाही. जबड्याच्या कडेला कातडी कुठं दुमडते, मांडीचा स्नायू कुठं संपतो, एवढा बोजा दोन पायांवर कसा तोललाय, पाय उचलल्यावर शेपूट कुणीकडे जाते, हे सगळं शिसपेन्सिलीच्या छटांत. आमच्या भाषेत सांगायचं तर हे नुसतं चित्र नव्हतं, त्यावरून माप काढता येत होतं.

आणि त्या चित्रात एक मोठा निकाल लागलेला होता. त्याआधीचा सिनेमातला डायनासोर म्हणजे कांगारूसारखा ताठ उभा, शेपूट जमिनीवरून ओढत नेणारा, डोक्यानं आणि चालीनं मंद. ही प्रतिमा बरीचशी चार्ल्स नाइट या चित्रकाराची. १८७४ साली जन्मलेल्या या माणसाची नजर अधू होती, आणि तरी त्याच्या कुंचल्यातून उतरलेले प्राणी पन्नास वर्षं जगाच्या डोळ्यांसमोर राहिले. मग १९६४ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांना मोंटानात डायनॉनिकस सापडला, पायाला विळ्यासारखं नख असलेला, चपळ, शिकारी. १९६९ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट बॅकर यांनी पुढं रान उठवलं, आणि डायनासोर हे सुस्त सरडे नसून पक्ष्यांचे पूर्वज आहेत ही कल्पना रुजायला लागली. पण ती रुजली होती विद्यापीठांत. मॅक्रीरी यांनी टी-रेक्सचा कणा जमिनीला समांतर धरला, शेपूट हवेत उचलली, डोकं पुढं काढलं. पिंपरीतल्या थिएटरात बसलेल्या माणसाला व्याख्यान ऐकावं लागलं नाही. त्याला तो प्राणी बघताक्षणी पटला.

आधी कागद आणि मग कॅमेरा, ही शिस्त आपल्याकडे परकी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची गोष्ट मराठी माणसाला माहीत असते ती 'सैरंध्री'साठी आणि टिळकांनी दिलेल्या 'सिनेमा केसरी' या पदवीसाठी. पण हा माणूस मुळात मिस्त्री घराण्यातला, नाटकांचे पडदे रंगवणारा. कॅमेरा विकत मिळेना तर तो स्वतः बनवला, आणि चित्रीकरणाच्या आधी दृश्यं, पोशाख, हालचाली कागदावर रेखाटून घेतल्या. त्यांच्या हाताखालचे दामले आणि फत्तेलाल पुढं प्रभातमध्ये गेले. १९३६च्या 'संत तुकाराम'च्या शेवटी आकाशातून उतरणारं ते विमान आठवा. आमच्या इथून देहू हाकेच्या अंतरावर. त्या विमानाची कुणी टिंगल केलेली मी ऐकलेली नाही, कारण ते भक्तांच्या डोळ्यांना पटेल असं आधी कुणाच्या तरी कागदावर उतरलेलं होतं. विज्ञानकथेचा सिनेमा आपल्याकडे रुजला नाही, पण त्याला लागणारा हात आपल्याकडे होता. असो.

चित्रावरून विन्स्टन यांच्या माणसांनी आधी एक पंचमांश मापाचा टी-रेक्स मातीत घडवला. मग त्याचे काप पाडून प्रत्येक काप पाचपट मोठा केला, प्लायवूडच्या फासळ्या उभ्या केल्या, त्यावर सांगाडा चढवला आणि वर पुन्हा माती लिंपून खऱ्या मापाचा प्राणी घडवला. त्या मातीवरून साचे घेतले, साच्यांतून फोम लेटेक्सची कातडी निघाली. आत पोलाद आणि हायड्रॉलिक सिलिंडर. लांबी सुमारे ४० फूट. हा सगळा क्रम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसूच आलं. छोट्या मॉडेलवरून मोठं माप काढणं, काप घेणं, प्लायच्या फासळ्या, साचा, कातडी. चाकणला गाड्यांचं नवं मॉडेल येतं तेव्हा त्याचंही आधी क्ले घडवलं जातं, तिथला माणूस या स्टुडिओत गेला असता तर दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला असता.

चूकही आपल्या ओळखीची झाली. मुख्य प्रसंग पावसातला. फोम लेटेक्स स्पंजासारखा पाणी पितो. कातडी भिजून जड झाली, हायड्रॉलिकचा सगळा हिशेब कोरड्या वजनाचा, आणि प्राणी जागच्या जागी थरथरायला लागला. दोन टेकच्या मधे माणसं टॉवेल घेऊन टी-रेक्सला पुसत होती. ज्यानं कधी पावसाळ्यात वाळलेल्या लाकडाचा पॅटर्न फुगलेला बघितलाय, त्याला त्या टॉवेलवाल्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

आता त्या भावंडाकडे येतो.

बाहुली हलवून सिनेमा करायची कला जुनी. बाहुलीच्या आत पोलादी सांगाडा, सांध्यांना गोळी आणि वाटी. पाय केसभर पुढं सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर, पुन्हा एक. अशी २४ चित्रं झाली की पडद्यावर एक सेकंद होतो. विलिस ओब्रायन यांनी १९२५च्या 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये डायनासोर असे चालवले, आणि १९३३ मध्ये किंग काँग. काँगच्या अंगावरची लव जरा बारकाईनं बघा, ती सारखी सळसळत असते. वारा नाही, काही नाही. दर चित्रामागे बाहुली हलवताना माणसाची बोटं तिच्या केसाळ कातड्याला लागत होती, त्याचे ते ठसे. हलवणारा माणूस चौकटीबाहेर उभा आहे पण त्याची बोटं नव्वद वर्षं पडद्यावर दिसतायत. सिनेमात मला याहून जिवंत काही माहीत नाही.

काँग बघून वेडा झालेला एक मुलगा म्हणजे रे हॅरीहाउसेन. १९६३च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये त्यांचे सात सांगाडे तलवारी घेऊन तीन माणसांशी लढतात. काही मिनिटांची ती लढाई, पण एकट्या माणसाला चार महिन्यांहून जास्त लागले. ते २०१३ मध्ये, ९२ वर्षांचे होऊन गेले. आणि हॅरीहाउसेन बघून वेडा झालेला मुलगा म्हणजे फिल टिपेट. अशी ही गुरुपरंपरा, घराण्यातल्या गवयांसारखी.

या कलेत एक जन्मखोड होती. खरा घोडा धावत असेल तर कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात त्याचा पाय किंचित पुसट येतो, कारण चित्र घेतलं जात असताना तो हलत असतो. बाहुली मात्र प्रत्येक चित्राला स्तब्ध, म्हणून प्रत्येक चित्र लख्ख, आणि म्हणून चाल झटकेदार. 'ड्रॅगनस्लेअर' या १९८१च्या सिनेमासाठी टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. बाहुलीला बारीक दांडे जोडले, दांड्यांना मोटारी, मोटारींना कॉम्प्युटरची आज्ञा, आणि चित्र घेतलं जात असतानाच बाहुली इवलीशी हलायची. पाय पुसट आला, चाल खरी झाली. या पद्धतीला ते गो-मोशन म्हणत. त्यातला ड्रॅगन आजही बघा, चाळीस वर्षांनंतरच्या कित्येक कॉम्प्युटरी ड्रॅगनांपेक्षा तो अंगानं भारी वाटतो.

'जुरासिक पार्क'साठी टिपेट यांनी बाहुल्या केल्या आणि दोन प्रसंग पूर्ण चालवून दाखवले. एक रस्त्यावरचा टी-रेक्सचा हल्ला, दुसरा स्वयंपाकघरात पोरांच्या मागे लागलेले व्हेलोसिरॅप्टर, म्हणजे सिनेमातले रॅप्टर. हे पडद्यावर जायचं काम नव्हतं, ती कच्ची तालीम होती, दिग्दर्शकाला आणि बाकीच्यांना कळावं म्हणून. त्यात रॅप्टर सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढून दार हुंगत होते. मोंटानाचे जीवाश्मतज्ज्ञ जॅक हॉर्नर सल्लागार होते. त्यांनी ते बघून हरकत घेतली, अशी जीभ सरड्या-सापांची, यांची नव्हे. जीभ गेली. त्या जागी रॅप्टर श्वास सोडतो आणि दाराच्या गोल काचेवर वाफ धरते. सिनेमातल्या सगळ्यात भीतिदायक दोन सेकंदांपैकी ते दोन सेकंद. वाफ सोडणारा प्राणी म्हणजे गरम रक्ताचा प्राणी, ऑस्ट्रम आणि बॅकर यांचा सगळा वाद त्या काचेवर उमटला.

तिकडे म्यूरेन यांच्या कंपनीत स्टीव्ह विल्यम्स नावाच्या माणसाला वाटत होतं की हे सगळं कॉम्प्युटरवर होईल. वरिष्ठांनी सांगितलेलं नसताना त्यानं टी-रेक्सचा नुसता हाडांचा सांगाडा कॉम्प्युटरवर चालवला, आणि निर्माते स्टुडिओत येणार त्या दिवशी तो मुद्दाम पडद्यावर लावून ठेवला. पुढं गॅलिमायमस नावाच्या धावत्या डायनासोरांच्या कळपाची चाचणी झाली, आणि मग उन्हात चालणारा अंगाकातडीचा टी-रेक्स. तो बघायला स्पीलबर्ग होते आणि टिपेटही होते. बघून झाल्यावर टिपेट म्हणाले की आता मीच नामशेष झालो. स्पीलबर्गना ते इतकं आवडलं की त्यांनी तो टोमणा सिनेमातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी घातला. थिएटरात लोक त्याला हसले, मीही हसलो. एका माणसाच्या धंद्याचं तेरावं त्या विनोदात चाललंय हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

टिपेट यांना त्यानंतर न्यूमोनिया झाला, ते अंथरुणाला खिळले. बाहुल्या कपाटात गेल्या. गो-मोशनवर चालणारा टी-रेक्स, जो ठरलेला होता, ज्याचं वेळापत्रक लागलेलं होतं, तो जगानं कधीच पाहिला नाही.

इथं मला थोडं माझ्या दुकानाबद्दल बोलू द्या. पॅटर्नमेकरची पट्टी तुमच्या पट्टीपेक्षा लांब असते. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा एक फूट तेवढाच जास्त. शिवाय प्रत्येक उभ्या भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो, नाहीतर लाकूड वर उचलताना वाळूची कड तुटते. ड्रॉइंगवर यातलं काही नसायचं. कुठं किती उतार, कुठल्या कोपऱ्यात किती गोलाई, कुठं लोखंड जाड राहिलं की आत पोकळी धरते, हे जुन्या मिस्त्रींच्या बोटांत होतं. मग कॅड आलं, सीएनसी आलं. स्क्रीनवर मॉडेल गरागरा फिरवणारी हुशार पोरं आली. माळ्यावरचे लाल-पिवळे-काळे रंगवलेले सागवानी पॅटर्न एके दिवशी टेम्पोत भरून भंगारात गेले, काही बंबात. मिस्त्रींना मात्र लगेच घरी पाठवता आलं नाही. त्या पोरांच्या शेजारी एक स्टूल टाकून त्यांना बसवलं. पोरगं माऊस फिरवायचं आणि मिस्त्री बोट दाखवून म्हणायचे, इथं फुटणार बघ.

टिपेट यांचं नेमकं हेच झालं. कॉम्प्युटर चालवणाऱ्यांना मशीन येत होतं, पण पाच-सहा टनांचा प्राणी पाय टाकतो तेव्हा बोजा आधी कंबरेवर येतो की खांद्यावर, थांबायच्या आधी तो काय करतो, शिकारी प्राणी कधी हलत नाही, हे येत नव्हतं. ते टिपेट यांना येत होतं, कारण त्यांनी आयुष्यभर प्रत्येक सेकंदाचे २४ तुकडे हातानं केले होते. म्यूरेन यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांच्या नावापुढं श्रेयनामावलीत पद आलं ते डायनासोर सुपरवायझर. पोरांना मूकाभिनयाचे धडे दिले गेले, कळपासारखं मोकळ्या जागेत पळायला लावलं. आणि टिपेट यांच्या स्टुडिओत क्रेग हेज यांनी एक विलक्षण अवजार बनवलं. बाहुलीचाच पोलादी सांगाडा, पण प्रत्येक सांध्यात मोजमाप घेणारा सेन्सर. जुना कलाकार त्याच्या सवयीप्रमाणे हातानं सांधा हलवणार आणि तो कोन थेट कॉम्प्युटरमधल्या डायनासोरला जाणार. ज्यांना माऊस धरता येत नव्हता त्यांनी अशा रीतीनं कॉम्प्युटरला चालायला शिकवलं. सिनेमातले काही प्रसंग या अवजारावर झाले आहेत.

दोन तासांहून जरा मोठ्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातला कॉम्प्युटरचा वाटा निम्म्याहून कमी. बाकी विन्स्टन यांची कातडी आणि हायड्रॉलिक. स्वयंपाकघरातल्या रॅप्टरच्या काही दृश्यांत तर कातडीत चक्क जॉन रोझेनग्रँट हा स्टुडिओतला माणूस वाकून उभा आहे. म्हणजे मध्यंतरात ज्यानं आत माणूस बसवलाय म्हणून पैज लावली होती, त्याला चहाचे पैसे परत द्यायला हवेत. दृश्यांचा क्रम, कॅमेरा कुठं, प्राणी कुठून येणार, हे बऱ्याच अंशी टिपेट यांच्या त्या कच्च्या तालमीवरूनच आलं. ऑस्कर मिळालं तेव्हा मंचावर चौघं होते, म्यूरेन, विन्स्टन, लँटिएरी आणि टिपेट. नामशेष झालेल्या धंद्याला त्याच्याच तेराव्याला पदक मिळावं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विन्स्टन २००८ साली गेले. त्यांच्या कातड्यांचं म्हणाल तर फोम लेटेक्स काही वर्षांतच सुकून भुगा होतो. मॅक्रीरी यांची पेन्सिल त्यापेक्षा टिकाऊ ठरली.

त्या पेन्सिलीचा डायनासोरही आता विज्ञानाच्या हिशेबानं मेलेला आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीच्या कोंबड्याएवढा, सिनेमातला माणसाएवढा. १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखी लव असलेला डायनासोर जगापुढं आला, आणि २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याच्या गाठी सापडल्या. म्हणजे स्वयंपाकघरातले ते दोघं खरं तर पिसारा असलेले असायला हवे होते. डायलोफोसॉरसची मानेची झालर आणि विषाची पिचकारी, दोन्ही कल्पनाच. चित्र जितकं पटणारं तितकी त्यातली चूक चिवट. लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी १८५४ मध्ये विटा, सिमेंट आणि लोखंडाचे डायनासोर उभे केले, जगातले पहिले. पुतळ्याच्या साच्यात टेबल मांडून ३१ डिसेंबर १८५३ला शास्त्रज्ञांना जेवण दिलं होतं. त्यांच्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. ते शिंग नव्हतं, अंगठ्याचं हाड होतं, हे पुढं कळलं. इंग्रजांनी ते शिंग काढलं नाही. २००७ मध्ये त्या पुतळ्यांना तिथल्या वारसा यादीत सर्वांत वरचा दर्जा दिला, चुकीसकट. आपल्या महापालिकेनं पुढंमागं बागेतल्या धुडांची डागडुजी काढली आणि कुणी शहाण्यानं त्यांना पिसं चिकटवायचा ठराव आणला, तर माझा त्याला विरोध आहे हे इथंच नोंदवतो. रंग द्या, तडे भरा, आणि शेजारी एक पाटी लावा. पाटीवर हवं तर हेही लिहा की ज्या काळ्या कातळावर ही बाग आहे तो दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोरांच्या अखेरच्या काळातला. आणि खरा डायनासोर बघायचा असेल तर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला जा, तिथल्या मातीत त्यांची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडतं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये जगाला कळलं की गवत डायनासोरांच्या काळीही होतं. 'जुरासिक पार्क' बारा वर्षं आधी आला, नाहीतर ते शेणसुद्धा सिनेमात आलं असतं. आजारी ट्रायसेराटॉप्सच्या त्या भल्यामोठ्या ढिगाऱ्याशेजारी जागा होतीच.

टिपेट यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. 'जुरासिक पार्क'च्या आधी ते स्वतःच्या खिशातून बाहुल्यांचा एक सिनेमा करत होते, 'मॅड गॉड'. कॉम्प्युटर आला आणि त्यांनी तो गुंडाळून ठेवला, आता याला कोण विचारतो म्हणून. पुढं कित्येक वर्षांनी त्यांच्याच स्टुडिओतल्या, कॉम्प्युटरवर वाढलेल्या पोरांना त्या बाहुल्या खोक्यांत सापडल्या. पोरं मागं लागली, हे पुरं करू. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थी आणि हौशी माणसं फुकट येऊन राबायला लागली, लोकांकडून वर्गणी जमली, आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये लोकार्नोच्या महोत्सवात तो दाखवला गेला. कामाला हात घातल्यापासून तीस वर्षं लोटली होती आणि टिपेट सत्तरीला टेकले होते. ८३ मिनिटांचा, संवाद जवळपास नाहीतच, भयंकर घाण, चिखल, रक्त आणि किडेमकोडे. पोराबाळांना घेऊन मुळीच बसू नका. गोष्ट मला निम्मीच कळली, आणि बायको दहाव्या मिनिटाला उठून गेली. पण त्यातला एकूणएक प्राणी जमिनीवर पाय टाकतो तेव्हा त्याचं वजन लागतं.